शाळेच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि ग्नूप्लॉट: तारखा, निरंक दिवस व रविवारची एकत्रित नोंद

प्रश्न: पर्जन्यनोंद

नमस्कार. आमच्या माध्यमिक शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवलेला असून २०१५ पासून जून ते सप्टेंबर या काळात रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजून नोंदवहीत लिहिले जाते. विद्यार्थ्यांनी या नोंदी एक्सेलमध्ये उतरवल्या आणि मी त्या वर्षागणिक एक अशा सीएसव्ही फाइलींत साठवल्या आहेत. शाळेकडे असलेल्या एका जुन्या संगणकावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. त्याला पडदा जोडलेला नाही, त्यामुळे सर्व काम दुसऱ्या खोलीतून एसएसएचने (नेटवर्कवरून आज्ञा देऊन) करावे लागते. माउसचा प्रश्नच नसल्याने निव्वळ आज्ञांवर चालणारे आलेख काढण्याचे साधन शोधले आणि ग्नूप्लॉट बसवले. सकाळची नोंद भरली की त्या वर्षाचा आलेख आपोआप तयार व्हावा व त्याची छापील प्रत सूचनाफलकावर लावता यावी, एवढाच हेतू आहे.

फाइलीतील प्रत्येक ओळीत तारीख, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि शेरा असे तीन रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले आहेत. तारखा आधी दिवस, मग महिना, मग चार अंकी वर्ष अशा क्रमाने आणि इंग्रजी अंकांत आहेत. पावसाचे आकडे मात्र काही वर्षे इंग्रजी तर काही वर्षे देवनागरी अंकांत भरले गेले. पाऊस झाला नाही त्या दिवशी कोणी शून्य लिहिले आहे, कोणी ‘निरंक’. मापक वाचलाच गेला नाही त्या दिवशी रकाना रिकामा आहे. रविवारी व सुट्टीच्या दिवशी शाळा बंद असते, तेव्हाचे पाणी पुढच्या कामाच्या दिवशी एकत्र मोजले जाते आणि त्या ओळीच्या शेऱ्यात ‘एकत्रित’ असे लिहिलेले असते.

सेपरेटर स्वल्पविराम आहे हे सांगून मी पहिला आलेख काढला, तेव्हा आडव्या अक्षावर केवळ १ ते ३१ एवढेच आकडे आले आणि चारही महिन्यांच्या रेषा एकमेकींत गुंतून कोळ्याचे जाळे तयार झाले. आडव्या अक्षावर काळ आहे असे सांगितल्यावर, काळाच्या अक्षासाठी यूझिंगचा (कोणते रकाने वापरायचे याचा) पूर्ण तपशील द्यावा, अशा अर्थाचा दोषसंदेश आला. शिवाय काही वर्षांच्या आलेखांत निम्म्याहून अधिक दिवस दिसतच नाहीत आणि मराठी शीर्षकातील ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसतात. हे सर्व ग्नूप्लॉटमध्येच सोडवावे की आधी फाइली दुरुस्त कराव्यात, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: काळापडदा

आधी आपल्याला दिसलेल्या चारही लक्षणांची कारणे सांगतो. आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहीत आहे. टंकताना त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्यात.

ग्नूप्लॉटला अमुक रकाना तारीख आहे असे स्पष्ट सांगितले नाही, तर तो त्यातून संख्या म्हणून वाचता येईल तेवढा सुरुवातीचा भाग उचलतो आणि उरलेला सोडून देतो. आपल्या तारखा दिवसापासून सुरू होतात, म्हणून त्याच्या हाती केवळ १ ते ३१ लागले. (वर्ष आधी असते, तर सर्व बिंदू एकाच उभ्या रेषेत आले असते.) यावर उपाय दोन आज्ञांचा आहे: ‘सेट एक्सडेटा टाइम’ आणि त्यापाठोपाठ ‘सेट टाइमफॉर्मॅट’चे लघुरूप असलेली ‘सेट टाइमएफएमटी’, जिला अवतरणात तारखेचा साचा द्यावा लागतो. आपल्या साच्यात टक्क्याच्या चिन्हापुढे अनुक्रमे लहान डी, लहान एम आणि मोठा वाय येतील व मध्ये आडव्या रेघा येतील. मोठा वाय चार अंकी वर्षासाठी आणि लहान वाय दोन अंकी वर्षासाठी असतो. काळाचा अक्ष निवडल्यानंतर कोणता रकाना कोठे वापरायचा हे ग्नूप्लॉट स्वतः ठरवत नाही. म्हणून प्लॉटच्या आज्ञेत ‘यूझिंग १:२’ हे लिहावेच लागते आणि आपल्याला मिळालेला दोषसंदेश त्याविषयीच होता. अक्षाची मर्यादा ‘सेट एक्सरेंज’ने देताना तिथल्या तारखाही अवतरणात आणि त्याच साच्यात असाव्या लागतात.

नाहीसे झालेले दिवस देवनागरी अंकांचे आहेत. ते अंक ग्नूप्लॉटच्या दृष्टीने संख्या नाहीत, अक्षरे आहेत, त्यामुळे तो ती ओळ कोणतीही तक्रार न करता गाळतो. ‘निरंक’चेही तेच होते. स्तंभालेखात हे लवकर लक्षातही येत नाही, कारण शून्य उंचीचा स्तंभ आणि नसलेला स्तंभ सारखेच दिसतात.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. दुरुस्ती ग्नूप्लॉटच्या बाहेर करावी आणि तीही मूळ फाइलीला हात न लावता. मूळ सीएसव्ही ही नोंदवहीची नक्कल आहे, ती तशीच राहू द्यावी. तिच्यातून प्रत्येक वेळी एक स्वच्छ फाइल नव्याने तयार करणारी छोटी शेल स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल) लिहावी आणि ग्नूप्लॉटने केवळ ती स्वच्छ फाइल वाचावी. देवनागरी अंक बदलण्यासाठी मजकुरात अदलाबदल करणाऱ्या सेड या साधनाची ‘वाय’ आज्ञा उत्तम आहे: पहिल्या खणात दहा देवनागरी अंक, दुसऱ्यात त्याच क्रमाने दहा इंग्रजी अंक. हे काम ‘टीआर’ने करण्याचा मोह होईल, पण ग्नूचा ‘टीआर’ बाइटागणिक चालतो आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात एक देवनागरी अंक तीन बाइटांचा असतो, त्यामुळे तेथे हाती कचरा लागतो. त्याच सेडमध्ये ‘निरंक’च्या जागी शून्य घालावे आणि एक्सेलने ओळीच्या शेवटी ठेवलेले कॅरेज रिटर्न हे अदृश्य चिन्ह काढून टाकावे.

पुढचा टप्पा रकान्यांवर काम करणाऱ्या ऑक या साधनाचा. त्यातून तीन रकान्यांची फाइल काढावी, असे मी सुचवतो: वर्ष-महिना-दिवस या क्रमाची तारीख, पाऊस, आणि ती नोंद किती दिवसांची आहे तो आकडा. नेहमीच्या ओळीत तिसरा आकडा १ असेल. रकाना रिकामा असेल तर ऑकने ती ओळ पुढे न पाठवता केवळ मोजत राहावी, आणि पुढे ‘एकत्रित’ शेऱ्याची ओळ आली की मोजलेल्या रिकाम्या ओळींत एक मिळवून तो आकडा तिसऱ्या रकान्यात लिहावा. रिकाम्या ओळीनंतर ‘एकत्रित’ नसलेली ओळ आली, तर ते दिवस खरोखरच गहाळ आहेत. तेव्हा मोजणी शून्यावर आणावी. रकाने रिकाम्या जागेने वेगळे केले की सेपरेटरची आज्ञाही लागत नाही, कारण ग्नूप्लॉटची मूळ अपेक्षा तीच असते. टाइमएफएमटीचा साचा मात्र स्वच्छ फाइलीतील नव्या क्रमानुसार बदलावा.

आता वेलांटी. ग्नूप्लॉटमध्ये टर्मिनल म्हणजे चित्र कोणत्या प्रकारे बाहेर काढायचे ते. ‘सेट टर्मिनल पीएनजी’ हे टर्मिनल जीडी नावाच्या लायब्ररीवर चित्र काढते आणि ती अक्षरे एकापुढे एक मांडत जाते. देवनागरीसाठी लागणारी जुळवाजुळव तेथे होत नाही. ‘सेट टर्मिनल पीएनजीकैरो’ वापरल्यास मजकूर पँगो या अक्षरजुळणीच्या लायब्ररीमार्फत जातो आणि जोडाक्षरे व वेलांट्या जागेवर बसतात. टर्मिनलच्या आज्ञेतच फॉन्ट म्हणून नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी असे नाव द्यावे, आणि आधी ‘सेट एन्कोडिंग यूटीएफ८’ लिहावे. नुसती ‘सेट टर्मिनल’ अशी आज्ञा दिल्यास आपल्या प्रतीत कोणकोणती टर्मिनले आहेत त्यांची यादी मिळते. छपाईसाठी पीडीएफकैरो अधिक चांगले, कारण मोठ्या कागदावरही त्याच्या कडा फुटत नाहीत.

पडदा नसलेल्या संगणकावर काम करताना ‘सेट टर्मिनल डंब’ जरूर वापरून पाहा. ते एसएसएचच्या खिडकीतच तारांकने आणि रेघा वापरून अक्षरांचा आलेख काढते. फलकावर लावण्याजोगे ते नसते, पण फाइल बरोबर वाचली गेली की नाही हे पाहण्यासाठी दर वेळी चित्र दुसऱ्या संगणकावर आणण्याचा खटाटोप वाचतो.

एक सावधगिरी आणखी. ‘ग्नूप्लॉट -ई’ असे लिहून सर्व आज्ञा दुहेरी अवतरणात शेलवरच देऊ नका. रकान्यांसाठी लागणारे डॉलरचे चिन्ह शेल स्वतःचे चल समजून गिळतो आणि ते ग्नूप्लॉटपर्यंत पोहोचतच नाही. आज्ञा वेगळ्या फाइलीत ठेवाव्यात आणि वर्षासारखी बदलती गोष्ट तेवढी -ई ने पाठवावी.

उत्तर: घाटमाथा

काळापडदा यांनी साधनाची बाजू नीट मांडली आहे. मी पर्जन्यनोंदींचे काम करतो, म्हणून आलेखात काय काढावे याविषयी थोडे लिहितो. कारण ग्नूप्लॉटच्या दोन-तीन मूळ सवयी पावसाच्या आकड्यांना अजिबात मानवत नाहीत.

दैनिक पाऊस रेषेने जोडू नये. सोमवारी ४० आणि मंगळवारी शून्य असताना दोहोंना जोडणारी तिरकी रेघ मधल्या वेळी २० मिलिमीटर पडल्याचे सुचवते, आणि ते निरर्थक आहे. प्रत्येक आकडा ही २४ तासांची बेरीज आहे. त्यातही रेषेच्या आलेखात गहाळ नोंद आली की ग्नूप्लॉट तिच्या अलीकडचा व पलीकडचा बिंदू सरळ जोडून टाकतो. म्हणून ‘विथ बॉक्सेस’ वापरावे. मात्र बॉक्सेसची रुंदी आपण दिली नाही, तर प्रत्येक स्तंभ शेजारच्या स्तंभाला टेकेपर्यंत पसरतो. नोंदी सलग असतील तोपर्यंत हे खपून जाते. मध्ये चार दिवस गहाळ असले की दोन्ही बाजूंचे स्तंभ फुगून ती पोकळी व्यापतात, आणि लांबून पाहणाऱ्याला तेथे मोठा पाऊस झाल्यासारखा वाटतो. मी पाहिलेल्या बऱ्याच हौशी आलेखांत हा प्रकार आहे.

रुंदी सांगताना काळाचा अक्ष सेकंदांत मोजला जातो हे ध्यानात ठेवावे. एक दिवस म्हणजे ८६४०० सेकंद. येथेच काळापडदा यांनी सुचवलेला तिसरा रकाना फार उपयोगी पडतो. बॉक्सेसला यूझिंगमध्ये तिसरी किंमत दिली, तर तो ती त्या स्तंभाची रुंदी मानतो. म्हणजे सोमवारी दोन दिवसांचे ३६ मिलिमीटर पाणी मोजले असेल, तर ३६ उंचीचा एका दिवसाचा स्तंभ न काढता १८ उंचीचा आणि दोन दिवस रुंदीचा स्तंभ काढावा: उंची म्हणून डॉलर-दोन (दुसऱ्या रकान्यातील किंमत) भागिले डॉलर-तीन, रुंदी म्हणून डॉलर-तीन गुणिले ८६४००. क्षेत्रफळ तेवढेच राहते आणि हा आकडा एकाच दिवसाचा नाही हे चित्रातच दिसते. गहाळ दिवसांची जागा मोकळी राहते. शून्य आणि गहाळ यांतील फरकही दाखवायचा असेल, तर गहाळ तारखा ऑकने दुसऱ्या छोट्या फाइलीत काढून त्या अक्षालगत राखाडी फुलीने दाखवाव्यात.

हा केवळ देखणेपणाचा मुद्दा नाही. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि आलेखावर ६५ ची आडवी रेघ असावी असे गावात कोणीतरी सुचवणारच. रेघ अवश्य काढावी. परंतु सोमवारच्या एकत्रित ८० मिलिमीटरचा उंच स्तंभ तिच्यावर गेला, तर फलकापुढे उभा राहणारा प्रत्येक शेतकरी त्या दिवशी अतिवृष्टी झाली असे धरून चालेल, आणि आपल्या नोंदीवरून तसे म्हणता येत नाही.

सकाळी साडेआठच्या नोंदीचा दिनांक हीही विचार करण्याजोगी बाब आहे. भारतीय हवामान विभागाच्या रीतीनुसार त्या सकाळी संपणाऱ्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहिला जातो. मुंबईचा २००५ चा प्रलय सर्वांच्या स्मरणात २६ जुलैचा आहे, पण सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा आहे. ग्नूप्लॉट स्तंभाचा मध्य तारखेच्या मध्यरात्रीवर ठेवतो, त्यामुळे एका दिवसाचा स्तंभ आदल्या दुपारी बारापासून त्या दुपारी बारापर्यंत पसरतो. खरा कालावधी त्याच्या साडेतीन तास अलीकडे असतो. छापील आलेखात हा फरक दिसणारही नाही, एकदिवसीय नोंदींपुरते सोडून देता येईल. परंतु रुंद स्तंभ तसाच ठेवला, तर तो अजून न उजाडलेला दिवसही व्यापतो. म्हणून तारखेच्या सेकंदांत ३०६०० म्हणजे साडेआठ तास मिळवावेत आणि त्यातून डॉलर-तीन गुणिले ४३२०० वजा करावेत. उत्तर स्तंभाचा अचूक मध्य असते. यूझिंगमध्ये असे गणित करताना तारखेसाठी डॉलर-एक चालत नाही, ‘टाइमकॉलम’ हे फंक्शन वापरावे लागते, आणि सर्व गणित कंसात घालावे लागते.

राहिला उभा अक्ष. वर सांगितलेला ९४४ चा आकडा सांताक्रूझच्या कोणत्याही दैनिक आलेखात घातला, तर उरलेला सर्व हंगाम तळाशी चिकटतो. (त्याच २४ तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता, एवढी ही गोष्ट स्थानिक असते.) अशा वेळी लॉगरिदमिक अक्षाचा सल्ला दिला जातो, पण लॉग अक्षावर शून्याला जागाच नाही आणि पावसाळ्यातही कोरडे दिवस भरपूर असतात. मर्यादा आपल्या नेहमीच्या पावसानुसार बांधावी, बाहेर जाणारा स्तंभ वर कापला जाऊ द्यावा आणि ‘सेट लेबल’ने त्याच्या डोक्यावर आकडा लिहावा.

उत्तर: सांख्यिकी

ग्नूप्लॉट, सेड आणि ऑक अशा तीन भाषा शिकण्यापेक्षा हे सर्व आर या संख्याविश्लेषणाच्या एकाच भाषेत करावे, असे माझे मत आहे. तीही टर्मिनलवरून आरस्क्रिप्टने चालते, गहाळ किंमतीसाठी तिच्यात एनए ही स्वतंत्र संकल्पना आहे, त्यामुळे शून्य आणि नोंद नसणे यांची गल्लत सहसा होत नाही, आणि पुढे दहा वर्षांची सरासरी किंवा मध्यक काढायचा झाला तर निराळ्या साधनाकडे जावे लागत नाही. ग्नूप्लॉटमध्ये ‘स्टॅट्स’ आणि ‘फिट’ या आज्ञा आहेत हे मान्य, पण ते मूलतः आलेख काढणारे साधन आहे.

उत्तर: काळापडदा

सांख्यिकी यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि विश्लेषण हेच मुख्य काम असते तर मीही आरच सुचवले असते. येथे गरज रोज एकाच साच्याचे चित्र काढण्याची आहे, संगणक जुना आहे आणि उद्या पर्जन्यनोंद यांची बदली झाली तर हे काम दुसऱ्या शिक्षकाला समजून घ्यावे लागणार आहे. ग्नूप्लॉट १९८६ पासून वापरात आहे आणि फार जुन्या स्क्रिप्टही थोड्या फेरफारानिशी आज चालतात. शाळेतील व्यवस्थेसाठी हा गुण मला मोलाचा वाटतो. अर्थात स्वच्छ फाइल साधा मजकूर असल्याने ती उद्या आरमध्ये वाचण्यास काहीच अडचण नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद: पर्जन्यनोंद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्वच्छ फाइल तयार झाली, गेलेले दिवस परत आले, वेलांट्या जागेवर बसल्या, आणि सोमवारचे रुंद बुटके स्तंभ पाहून नववीच्या मुलांनी आपण होऊन त्याचे कारण विचारले. आता तीन गोष्टी उरल्या आहेत.

एक म्हणजे, यंदाचा पाऊस मागील वर्षांच्या तुलनेत कोठे आहे हे १ जूनपासूनच्या एकूण बेरजेच्या रेषेने दाखवायचे आहे. पण सर्व वर्षे एकत्र घेतली की काळाच्या अक्षावर ती एकापुढे एक जाऊन बसतात, एकावर एक येत नाहीत. दुसरे, शाळेच्या विहिरीतील पाण्याची खोली आम्ही काठापासून दर आठवड्याला मोजतो, तीही पावसाबरोबर दाखवावी असा विचार आहे. आणि तिसरे, हाताने चालवलेली स्क्रिप्ट व्यवस्थित चालते, परंतु तीच क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालवली की वाय आज्ञेतील दोन मालिकांची लांबी सारखी नाही, असा सेडचा दोषसंदेश येतो आणि चित्र तयारच होत नाही. दोन्हींकडे दहा-दहाच अंक आहेत, हे मी पुन्हा तपासले.

उत्तर: काळापडदा

तिसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो. अंक दोन्हींकडे दहाच आहेत, पण क्रॉन आपली स्क्रिप्ट अत्यंत तोकड्या वातावरणात चालवतो; आपण लॉगिन केल्यावर मिळणारी भाषेची मांडणी (लोकेल) तेथे नसते आणि लोकेल सी असे धरले जाते. त्या लोकेलमध्ये सेड बाइट मोजतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने डावीकडे तीस आणि उजवीकडे दहा आहेत. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एलसी_ऑल या चलाला सी.यूटीएफ-८ ही किंमत देऊन ते एक्स्पोर्ट करावे. डेबियनमध्ये हे लोकेल तयारच असते. क्रॉन आपले काम गृहनिर्देशिकेतून चालवतो, म्हणून फाइलींचे पूर्ण मार्ग लिहावेत. आणि क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीच्या) ओळीत टक्क्याचे चिन्ह थेट लिहू नये, कारण तेथे त्याचा अर्थ नवी ओळ असा होतो. तारखेचा साचा स्क्रिप्टच्या आत असेल तर हा प्रश्न येत नाही. आलेख पूर्ण झाल्यावर ‘अनसेट आउटपुट’ लिहावे, अन्यथा त्याच स्क्रिप्टमध्ये पुढे चित्राची नक्कल करताना ते अपुरे असण्याची शक्यता राहते.

वर्षांच्या तुलनेसाठी काळाचा अक्ष सोडून द्यावा. वर्षातील कितवा दिवस हा आकडा वापरण्याची सूचना आपल्याला अन्यत्र मिळेल, पण लीप वर्षात फेब्रुवारीनंतरचा प्रत्येक दिवस एकाने पुढे सरकतो. त्यापेक्षा ऑकनेच चौथा रकाना काढावा: १ जून म्हणजे १ आणि ३० सप्टेंबर म्हणजे १२२. मग आडवा अक्ष साधा संख्यांचा होतो, आणि ‘सेट एक्सटिक्स’मध्ये १, ३१, ६२ व ९३ या स्थानांवर जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशी नावे आपणच लिहावीत. बेरजेसाठी ‘यूझिंग ४:२ स्मूद क्युम्युलेटिव्ह’ पुरते. वेगळे गणित लागत नाही. येथे डॉलर-दोनला दिवसांनी भागू नये, कारण हवी आहे ती बेरीज. आलेख काढण्याच्या स्क्रिप्टमध्ये प्लॉटपुढे ‘फॉर’ लिहून २०१५ पासूनची सर्व वर्षे एका आज्ञेत फिरवता येतात; ती फिकट राखाडी रंगात काढून त्यांच्यानंतर यंदाची रेषा गडद व जाड काढावी. नंतर काढलेली रेषा वर येते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे.

उत्तर: घाटमाथा

बेरजेच्या रेषेबाबत एक सूचना. गहाळ दिवशी तिच्या बेरजेत काहीच मिळवले जात नाही, म्हणजेच नोंद नसलेला दिवस मुकाट्याने कोरडा धरला जातो. एकत्रित नोंदींमुळे बेरीज बिघडत नाही, खरोखर गहाळ दिवसांमुळे बिघडते. म्हणून प्रत्येक वर्षाच्या नावापुढे सूचीत गहाळ दिवसांची संख्या लिहावी, आणि जुलैतील पंधरवडाच नसेल असे वर्ष तुलनेतून सरळ वगळावे.

विहिरीसाठी उजवीकडे दुसरा उभा अक्ष काढता येतो, पण मी तो टाळेन. दोन अक्षांची प्रमाणे आपण हवी तशी ताणू शकतो आणि त्यातून पाऊस व पातळी यांचा नसलेला मेळही दिसू लागतो. ‘सेट मल्टिप्लॉट लेआउट २,१’ लिहून वर पावसाचे स्तंभ आणि खाली विहीर असे दोन आलेख काढावेत. खोली काठापासून मोजलेली असल्याने मोठा आकडा म्हणजे कमी पाणी. तेव्हा ‘सेट वायरेंज’मध्ये मोठी मर्यादा आधी आणि शून्य नंतर लिहावे, म्हणजे अक्ष उलटा होतो, काठ वर येतो आणि पाणी चढले की रेषाही चढते. येथे बिंदू रेषेने जोडण्यास हरकत नाही, कारण पातळी दोन मोजणींच्या मधल्या दिवसांतही असतेच. मात्र ‘लाइन्सपॉइंट्स’ वापरून प्रत्यक्ष मोजलेले बिंदू ठळक ठेवावेत. दोन्ही आलेखांना एकच एक्सरेंज द्यावी, आणि उभ्या अक्षावरील आकड्यांच्या लांबीनुसार डावा समास बदलू नये म्हणून ‘सेट एलमार्जिन ॲट स्क्रीन ०.१’ व उजवीकडे तसेच ‘आरमार्जिन’ निश्चित करावे. नाहीतर वरचा १ जुलै आणि खालचा १ जुलै एका उभ्या रेषेत येत नाहीत.